अकरा फळ्या

प्रिय रतन,

तुझा उजवा हात अजून तसाच लुळा आहे, असं तुझ्या आरोहीकडून कळलं. पनवेलला लेकीच्या घरात नुसतं भिंतींकडे बघत बसायची वेळ तुझ्यावर यावी, याचं फार वाईट वाटतं. इथलं सांगायचं तर किनाऱ्यावर आता सगळ्या फायबरच्या होड्या. नाव लिहायलाही कोणी बोलावत नाही, स्टिकर आणून चिकटवतात.

आपण दोघांनी होड्या रंगवल्या त्या एकाच डब्यातल्या रंगाने. मी तीस वर्षं कमळ, त्रिशूळ आणि मालकाचं नाव यापलीकडे गेलो नाही. तू मात्र शिंपल्यांचा चुना काय, डांबर काय, हाताला लागेल ते रंगात कालवायचास. "करून तं बघू, बिघाडला तं खरवडू," हे तुझं ठरलेलं. बाबाजीच्या होडीवर कमळाच्या जागी तू त्याची बायकोच काढलीस, जाळ्यावर डोकं टेकून झोपलेली. बाबाजी वर्षभर तुझ्याशी बोलला नाही. पण नारळी पौर्णिमेआधी सगळ्या होड्या खरवडल्या, तेव्हा ती तेवढी तशीच ठेव म्हणाला. त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला, आज लिहून टाकतो.

पुढे लाकडी होड्या मोडीत निघाल्या, तेव्हा तुझ्या चित्रांच्या फळ्या मी मालकांकडून मागून आणल्या. अकरा मिळाल्या. उभ्या जन्मात मी केलेली नवी गोष्ट ही एवढीच. "देवाला जागा न्हाय नि या फल्यांना अख्खा माला," असं आमची सोनूबाई कुरकुरायची. ती गेल्यावर मी रोज दुपारी माळ्यावर जाऊन बसायचो. तुझ्या हातचं जगात तेवढंच उरलं होतं.

चैत्रात फळ्यांना कीड लागली. आरोहीने औषधाची बाटली पाठवली, लावायची रीतही चिठ्ठीत लिहिली. मी झाकणसुद्धा उघडलं नाही. बाटलीतल्या पाण्याने कीड मरते, हे मला पटेना. होडीच्या तळाला कीड लागली की आपण पेटत्या झावळ्यांनी तळ शेकतो, तेच मी केलं. फळ्या वाळूत नेल्या, चित्रं खाली केली आणि पाठीवरून झावळी फिरवली. सगळा जन्म होड्यांत घालवला आणि एक गोष्ट ध्यानात आली नाही. आपण शेकतो ती होडी समुद्रातून नुकती वर ओढलेली, पाणी प्यालेली असते. या वीस वर्षं माळ्यावर वाळलेल्या, त्यात तुझं डांबर. पहिली पेटली, वाऱ्याने शेजारची पेटली. मी वाळू टाकत राहिलो, हात भाजले. एकही वाचली नाही, रतन.

परवा आरोहीचा फोन आला. तुझ्या फळ्यांचं अलिबागला प्रदर्शन ठरवलंय, गुरुवारी टेम्पो पाठवते म्हणाली. ते ऐकून तू कितीतरी महिन्यांनी हसलास, कुठली फळी कुठे लावायची ते डाव्या हाताने खुणा करून सांगत बसलास, असंही म्हणाली. मी नुसतं बरं बरं म्हणत राहिलो. तू पुन्हा काढशील, असलं काही खोटं लिहीत नाही. माफीही मागत नाही, ती देऊन तुझं काय परत येणार? गुरुवारी टेम्पो येईल, तेव्हा हे पाकीट ड्रायव्हरच्या हातात देईन. टेम्पोत चढवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

तुझाच,
येसाजी