तुझ्यामागचे डबे

आई, तुझ्या फोटोला ओल लागली. लालबागची खोली रिकामी करताना ताईने भिंतीवरची फ्रेम उतरवली, तर कागद काचेला आतून चिकटलेला. सोडवायला गेलो आणि चेहराच काचेबरोबर निघून आला. ज्या ओळखपत्रावरून तो फोटो मोठा केला होता, तेही सापडलं नाही. ताई म्हणाली, "नव्या घरच्या पूजेआधी आईचा फोटो लागला पाहिजे. बाबांना एकट्याला नाही लावणार मी." मग माझ्याकडे वळून, "दादरला बसून दिवसभर लोकांच्या बायका सुंदर करतोस ना? आता जरा घरचं काम कर."

बारावी अर्धी टाकून मी दादरच्या त्या लग्नाच्या अल्बमच्या दुकानात लागलो, तेव्हा तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस. पुढे एकदा शेठना विचारून मी तिथला कॅमेरा घरी आणला, तर त्याला हात लावायच्या आधी तू ओले हात पदराला पुसलेस. अजून दिसतं मला. तू ओट्यापाशी उभी आहेस, सोलकढीसाठी नारळाचं दूध गाळते आहेस, शेजारी गॅसवर भात आहे. मी म्हणतो, हलू नकोस. तू म्हणतेस, "मेल्या, मी काय गणपती आसय, हलू नको म्हणतंस तो?" आणि हसत पुढे वाकतेस, गॅस बारीक करायला. तेवढ्यात माझं बोट दाबलं जातं. तुझा समोरून काढलेला तेवढाच एक फोटो माझ्याकडे आहे. त्यात फोकस तुझ्यामागच्या फळीवर आहे.

त्या फोटोची रॉ फाइल मी जपून ठेवली होती. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः काही न सुधारता दिलेला फोटो. तो मऊच दिसतो. कडा किती उठवायच्या, म्हणजे शार्पनिंग किती द्यायचं, ते आपण ठरवायचं. बेताने दिलं तर पापण्या सुट्या दिसतात. जास्त झालं तर गालावर रवा पसरल्यासारखा होतो आणि केसांभोवती पांढरी रेघ येते. नवा असताना मी एका नवरीचं असं केलं, तर शेठ म्हणाले, "काय रे, नवरीच्या गालाला पॉलिश पेपर मारलास? सासरचे परत पाठवतील तिला." तेव्हापासून मी आधी एक बटण दाबून बघतो. सगळा पडदा काळा होतो आणि जिथे कडा आहेत तेवढंच पांढरं दिसतं. तुझ्या फोटोवर ते दाबलं. तांदळाचा डबा पांढरा उठून आला, त्याचं झाकण आलं, मावशीने त्यावर घालून दिलेलं तुझं नाव अक्षरन् अक्षर आलं. तू उभी होतीस तिथे नुसतं काळं.

ताई शेजारी बसली होती. "अजून थोडं वाढव," म्हणत राहिली.

"ताई, याच्या पुढे नेलं तर ती आई राहणार नाही."

"निदान डोळे तरी दिसू देत रे. माझ्या पोरीने तिला बघितलेलीच नाही."

मी वाढवलं. डोळे आले. पण त्यांच्याबरोबर कपाळावर आठी आली, ओठांच्या कडेला कडक रेघ आली, आणि हसता हसता वाकलेली तू कुणावर तरी चिडल्यासारखी दिसायला लागलीस. ताईने खूप वेळ बघितलं. डोळे पुसले. म्हणाली, "हो. अशीच होती."

आता तू परळच्या नव्या घरात बाबांशेजारी आहेस. भाचीने पूजेच्या दिवशीच विचारलं, "आजी रागीट होती का गं?" ताई म्हणाली, "शिस्तीची होती." मी प्रसादाचे द्रोण भरत होतो, भरत राहिलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगतो. मूळ फाइल तशीच आहे. शार्पनिंग शून्यावर आणलं की त्या दिवसाची तू परत मिळशील, असं मी मनाशी धरून होतो. परवा दुकानात सगळे जेवायला गेले तेव्हा आणलं शून्यावर. फोटो मऊ झाला, पण तुझं हसू मला त्यात सापडलं नाही. हसली होतीस हे माहीत आहे, पण चेहरा आता मलाही चिडलेलाच आठवतो. ताईला हे सांगितलेलं नाही.