ऊन पाठीवर हवं

ती. दादांस,

ज्या खुर्चीत बसून आपण हे पत्र वाचत असाल ती खुर्ची, जिच्यावर चष्म्याचं घर ठेवलं असेल ती तिवई, वहिनींचं आरशाचं कपाट, आणि आपल्या बहिणीच्या लग्नानंतर आमच्या घरात आलेली एकूण एक लाकडी वस्तू, लाटण्यापासून पलंगापर्यंत, मी स्वतःच्या हातांनी केलेली आहे, आणि कोणाही उस्तादाच्या हाताखाली न शिकता केलेली आहे, याची आठवण देऊन साष्टांग नमस्कार करतो. (खुर्ची डुगडुगते असं आपण मागच्या पत्रात लिहिलं होतं. जमीन तपासून घ्यावी.) आपल्या गुडघ्याला आराम असेल, वहिनींचा खोकला गेला असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण आपलं शहर आहे.

आपल्या बहिणीला तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात इनचार्ज सिस्टरची जागा मिळाली, हे तिनं आपल्याला फोनवर सांगितलं आहेच. (मला तिनं आपल्यानंतर सांगितलं, पण तो विषय वेगळा.) एक तारखेला हजर व्हायचं आहे. घर शोधायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं. म्हणाली, "एक तारखेच्या आत ठरलं तर दोघं जाऊ. नाही ठरलं तर मी पुढे होते, नर्सेसच्या वसतिगृहात खाट मिळते." हे ती चिडून म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता शांतपणे म्हणाली, आणि दादा, घड्या तिच्या एकटीच्याच कपड्यांच्या होत्या.

आता आपलं शहर. मधून नदी, अर्धं पूर्वेला, अर्धं पश्चिमेला, आणि हॉस्पिटल नदीकाठी अगदी मध्यावर. कुठली बाजू घ्यावी म्हणून आपल्याला विचारलं, तर उत्तर आलं की दोन्ही बाजू चांगल्या आहेत. (राग नसावा, पण एवढं तर आमच्या घरातली भिंतही सांगते.) मग मी कोणाला विचारायच्या फंदात पडलो नाही. प्लायवुडचा मोठा तुकडा घेतला, पटाशीनं नदी कोरून तिला निळा ऑइलपेंट दिला, पूल, रस्ते, टेकडी असं सगळं शहर नकाशाबरहुकूम उभं केलं, हॉस्पिटलला खास सागाचा तुकडा वापरला आणि त्याच्या खिडक्या गरम सुईनं पाडल्या. खोलीत अंधार केला, बॅटरीचा सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवला, आणि जे तिथे जन्म काढलेल्यांना दिसलं नाही ते मला दिसलं. माणसानं पूर्वेला राहावं. सकाळी पश्चिमेकडे कामाला निघालं की सूर्य पाठीशी, संध्याकाळी पूर्वेकडे परतताना पुन्हा पाठीशी. पश्चिमेला राहणारा बिचारा जाता-येता डोळे बारीक करून चालतो. आपण पश्चिमेलाच राहता. आपल्या कपाळावरच्या आठ्या वहिनींमुळे पडल्या अशी माझी समजूत होती, ती मी मागे घेतो.

हे सगळं हिला बॅटरी लावून दाखवलं. ही नुकतीच ड्यूटीवरून आली होती, उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. पण मला रात्रपाळी असणार." आता रात्रपाळीचं माणूस संध्याकाळी निघतं आणि सकाळी परततं, म्हणजे सूर्य दोन्ही वेळा समोरून. मी घराची टाचणी तिथल्या तिथे उचलून पश्चिमेला टोचली. तोवर ही चहा गाळत होती. आतूनच म्हणाली, "एक महिना रात्र, एक महिना दिवस, असं असतं हं." म्हणजे शास्त्राप्रमाणे आमचं बिऱ्हाड दर महिन्याला नदीपार न्यायला हवं. टाचणीच्या या येरझाऱ्यांनी शहराच्या दोन्ही बाजूंना वाळवी लागल्यासारखी भोकं पडली. हिचं गणित सुटेना म्हणून माझं धरून पाहिलं, तर मी घरातच काम करणारा माणूस, माझ्या डोळ्यांवर ऊन यायला आधी मला कुठे तरी जायला हवं. मी वखारीत लाकूड आणायला जातो. वखारी दोन्ही बाजूंना आहेत.

शेवटी शहर चादरीत गुंडाळलं आणि शहराला गेलो. (कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं. मी चादर उघडून दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला, मग टेकडीखाली बोट ठेवून म्हणाला, "इथे माझी सासुरवाडी." तिकिटाचं राहून गेलं.) आपल्याकडे आलो नाही, कारण आपण पुन्हा दोन्ही बाजू चांगल्या म्हणाला असता. घरांचा एक एजंट गाठला. त्याला मी मनात जांभईराव म्हणतो. त्यानं पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक अशी दोन घरं दाखवली, आणि गोंधळ होता त्याच्या दुप्पट झाला. पूर्वेच्या घरात ओळंबा सोडला तर भिंत पोट सुटलेली. पश्चिमेच्या घरात पाणसळ ठेवली तर जमीन खिडकीकडे उतरती. (तेव्हा आपली खुर्ची. ती सगळी बाजूच उतरती असावी.) पूर्वेला नळाला धार आहे, पण वरच्या मजल्यावरचा माणूस टाचा आपटत चालतो. पश्चिमेला शेजार शांत, इतका शांत की शंका यावी. हिची कंबर दुखते म्हणून दोन्ही ओटे मोजले, एक उंच आहे, एक ठेंगणा, आणि कंबर कशानं दुखते हे मी कधी विचारलेलं नाही हे तिथे लक्षात आलं. शेवटी पश्चिमेच्या घरातच फरशीवर शहर मांडलं, पडदे ओढले आणि सूर्य फिरवायला घेतला. जांभईरावानं हातातली जांभई पूर्ण केली. म्हणाला, "काका, काम सुंदर आहे. पण हॉस्पिटलला लोक भुयारी गाडीनं जातात. नदीच्या खालून. तिथे कसलं आलंय ऊन?" मी म्हटलं, जिना चढून वर आल्यावर तरी? "जिना थेट हॉस्पिटलात उघडतो," म्हणाला. दादा, एवढी एक ओळ आपण लिहिली असतीत तर आपल्या शाईला काही तोटा आला नसता.

घरी येऊन हिला सांगितलं, तर हिला माहीतच होतं. मुलाखतीला ती त्याच गाडीनं गेली होती. मग बोलली का नाहीस, असं मी जरा आवाज चढवून विचारलं. म्हणाली, "तुम्ही ते शहर करत होतात तोवर 'मी तिकडे येत नाही' असं म्हणत नव्हतात." मी शहरातली टाचणी उपटून खिशात घातली. मग म्हणाली, बाजू कुठलीही घ्या, मला फरक पडत नाही. ज्या दारातून तुमचं कामाचं टेबल आत जाईल ते घर घ्या. "नाही तर तिथे दिवसभर माझ्याच डोक्यावर रंधा माराल." आता यातून मी कुठलं घर समजायचं ते आपणच सांगा. एक तारीख तोंडावर आली आहे आणि टाचणी माझ्या खिशात आहे.

वहिनींना नमस्कार. खोकल्याला जपावं.

आपल्या बहिणीचा नवरा
(आणि खुर्चीचा कर्ता)

ता. क. दोन्ही घरांतलं सगळं मोजलं, दारं मोजली नाहीत. हे हिला ठाऊक नाही. टेबल मी इथल्या खोलीतच बांधलं, ते आजवर कुठल्याच दारातून गेलेलं नाही. आडवं-उभं कसंही धरलं तरी छत्तीस इंच लागतात. आपण लोखंडी टेप घेऊन (शिंप्याची नको, ती ताणली जाते) दोन्ही घरी जाऊन यावं आणि चौकट आतून मोजावी. एजंटसमोर माझं नाव काढू नये.

आणखी ता. क. दार कमी भरलं तर पत्रात लिहू नये, आपली पत्रं हीच आधी उघडते. आकडा मला फोनवर सांगावा. टेबल मी कापीन.

शेवटचं. इथल्या फर्निचर कारखान्याचे मालक परवा घरी येऊन गेले. मुख्य कारागीर म्हणून इथेच राहा म्हणाले, हाताखाली माणसं देतो, आणि टेबल जागचं हलवायलाही नको. मी नाही म्हटलं. हे हिला कळू देऊ नये, ती पुन्हा एकटीच्याच कपड्यांच्या घड्या घालायला बसेल. महिना साठ हजार देत होते.