कॅमेऱ्यावरची टिकली

तिलक नगर, जयपूर
रविवार, १२ नोव्हेंबर २००६

दादाचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल. मागे तो आईला म्हणाला होता, "तू खालीच बघतेस, माझ्याकडे बघत नाहीस." तेव्हापासून तिने कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्यावर, भिंगाच्या शेजारी, लाल टिकली चिकटवलीय. आजही त्या टिकलीकडे बघूनच हसत होती.

नंतर मी विचारलं, "दादा वाळलाय ना गं?"

"मला कुठे दिसला? पडद्याकडे बघितलं की त्याला वाटतं, आई बघत नाही."

मतलब, इतके रविवार तिने त्याला पाहिलंच नाही? आणि मी युनिव्हर्सिटीत इंटरनेटचा अभ्यास करते! लोक काय बघतात, एवढंच विचारत फिरते.

टिकली काढायला उठले. हात थांबला. कॉल संपवताना दादा किती खुशीत म्हणाला होता, "आता कशी माझ्याकडे बघतेस, आई!"