गोळा की नासिर

४ दय (नोव्हेंबर), १३४७ फसली. नांदेड

पेटी आली! हमालांनी स्टेशनात आपटली, पण आतला पितळी गोळा शाबूत आहे. बॉयलरमधलं पाणी उतरलं की गोळा खाली, पाण्याचा कॉक उघडा. पाणी चढलं की गोळा वर, कॉक बंद. माणूस लागतच नाही. आमच्या जिनिंगचे मालक बापूसाहेब, त्यांना तेवढंच ऐकू आलं. "इदेच्या आत सांगा, इंजिनियर. गोळा की नासिर? दोघं पोसायचे न्हाईत मला."

५ दय

नासिरला सांगून टाकलं. मी इथे येण्याआधीपासून बॉयलरच्या पाण्याचा वॉल त्याच्या हातात. तो हसला — "बसवा की साब. देखेंगे." रोज्याचं तोंड, समोर भट्टी, आणि हसतो! मलाच चोरट्यासारखं झालं.

८ दय

गोळा दिवसभर इमानदारीने चालला. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी खुणेवरून हललं नाही. म्हटलं, संपलं, नासिर आता घरी बसणार.

मग इफ्तारीचा भोंगा. अर्धा गाव त्याच्यावर रोजा सोडतो, म्हणून नासिर तो लांबलचक ओढतो. वाफ एकदम सुटली आणि बॉयलरमधलं पाणी दुधासारखं फुगलं. गोळा वर — आणि त्या मूर्खाने कॉक बंद केला! भोंगा थांबला, पाणी बसलं ते थेट काचेच्या तळाशी. आणखी उतरतं तर भट्टीची नळी उघडी पडून फुटली असती. प्रेसवरची सगळी माणसं, नासिर, मी...

९ दय

गोळा बंद ठेवला. नासिरशेजारी उभा राहिलो. भोंगा ओढायच्या आधीच तो वॉल थोडा जास्त उघडतो. पाणी फुगून बसलं तरी खुणेच्या खाली गेलं नाही! काचेकडे तर बघतसुद्धा नाही. तपासायच्या तोट्या एकेक उघडतो, मान कलती करून ऐकतो. नुसतं सूं झालं तर वाफ, फसफसलं तर पाणी. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

१० दय

बापूसाहेब — "मग भोंगाच बंद करा की!"

भांडलो. मालकापुढे आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, गोळा फसतो, नासिर फसत नाही.

"तुमच्या जिम्मेदारीवर, बरं का."

"हाव," म्हणालो.

१२ दय

गोळा पेटीत घालून मालगाडीने परत पाठवला. संध्याकाळी नासिरने आपल्यातले खजूर माझ्या हातावर ठेवले. फार बरं वाटलं. आज झोप लागेल.

१३ दय

सकाळीच नासिरची बायको फरीदा दारात. आत यायला तयार नाही. पदर तोंडाशी.

"भाईसाब, गोळा खरंच गेला का?"

गेला, म्हटलं. काळजी नको, नासिरची नोकरी पक्की.

ती खालीच बसली. "गोळा राहील म्हणून मी गप होते. त्यांना काच दिसत न्हाई, भाईसाब. गेल्या इदेपासून डोळ्यांवर पडदा हाय. नुसतं कानावर चालवून राहिले."

कानावर! आणि भोंगा वाजत असताना?

आजचा भोंगा नासिरच ओढेल. काचेसमोर मी.