क्रेगची दीड वर्षं

१० सप्टेंबर २०२४, मंगळवार

टीव्हीवर दिवसभर तुरुंगांची फाटकं. आत जागा उरली नाही म्हणून शेकड्यांनी सोडतायत — निम्मी शिक्षासुद्धा झाली नाही आणि बाहेर! एका फाटकाबाहेर दोस्तांनी शॅम्पेनची बाटली फोडली, फेस उडवला, कॅमेऱ्यासमोर नाचले. मी कारखान्यातून आले ती बूट न काढता तशीच बसले. हाताला हॅडॉक माशाचा वास. बघत राहिले.

क्रेग त्यात नाही. असणारच नव्हता. ज्याच्या शिक्षेला आकडा आहे त्याचे टक्के काढता येतात. माझ्या भावाच्या शिक्षेला आकडाच नाही. २००६ साली, तेवीस वर्षांचा असताना, बसस्टॉपवर एकाला धमकावून मोबाईल हिसकावला. खिशात चाकू आहे म्हणाला. नव्हता. जज म्हणाले, किमान दीड वर्ष, आणि त्यापुढे लोकांना याच्यापासून धोका नाही अशी खात्री पटेपर्यंत. दीड वर्ष म्हणाले होते! अठरा झाली. खात्री पटायचीय अजून.

ही असली बेमुदत शिक्षा २०१२ सालीच रद्द केली. चूक झाली असं मोठमोठ्या लोकांनी कबूलही केलं. पण आधी आत गेलेल्यांना ते लागू नाही. खड्ड्यावर फळी टाकली, आत पडलेल्यांना वर काढायचं राहिलं.

१२ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत पॉलीन विचारते, "अगं लिन, तुझा भाऊ येणार का गं यात?" नाही म्हटलं. तर म्हणाली, "मग त्यानं आणखी काहीतरी केलं असणार बाई. उगाच कोण कुणाला अठरा वर्षं ठेवेल?"

बावीस वर्षं आम्ही एकाच सरकत्या पट्ट्यावर शेजारी उभं राहून मासे सोलतो. एकाच गल्लीत राहतो. आणि ही असं बोलते! मी माझा चहा मोरीत ओतून दिला.

३ ऑक्टोबर

वकील हॉल्डेन यांचा फोन. एकवीस तारखेला पॅरोल बोर्डापुढे सुनावणी, सोडायचं की नाही ते तेच ठरवतात. पाचवी.

आधीच्या चार कशा गेल्या ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल. राग आवरायचा कोर्स केल्याशिवाय सुटका नाही. त्या तुरुंगात तो कोर्स नाही. दुसरीकडे हलवलं, तिथे तीन वर्षांची रांग. नंबर आला तोवर तो कोर्स बंद झाला, नवा आला, पुन्हा रांग. मधल्या काळात आई गेली. अंत्यविधीला क्रेगला शिपायाशी साखळीने बांधून आणलं. बाकावर त्याच्या एका हाताला मी, दुसऱ्या हाताला शिपाई. क्रेग रडला नाही. अहवालात लिहिलं, भावना दाखवत नाही. रडला असता तर लिहिलं असतं, भावनांवर ताबा नाही.

२१ ऑक्टोबर

झाली सुनावणी. पडद्यावर, व्हिडिओ कॉलनं. मला दहा मिनिटं घेतलं. कुठे झोपेल? मागच्या खोलीत. घरात दारू असते? नाताळात, शेरी. मग बोर्डाच्या तिघांपैकी मधल्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला भावाची भीती वाटते का?"

मला तुमची वाटते — अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. नाही म्हटलं.

५ नोव्हेंबर

सुटणार!!

हॉल्डेनना मी तीनदा परत म्हणायला लावलं. गावभर फटाके वाजतायत. दर पाच नोव्हेंबरला वाजतातच, पण आज मी खिडकी उघडून सगळे आपल्याच नावावर जमा केले.

१२ डिसेंबर

घरी नाही अजून. आधी सुटलेल्या कैद्यांचं वसतिगृह, बारा आठवडे. दहाला सही, एकला सही, चारला सही. बस चुकली, सही राहिली, तर परत आत. गुन्हा करायची गरजच नाही — अट मोडली किंवा धोका आहे असं अधिकाऱ्यांना नुसतं वाटलं की पुरे. क्रेग दिवसभर सहीच्या आसपास घुटमळतो. म्हणतो, "फार लांब गेलो तर परत येईन का वेळेत, असं होतं गं."

४ मार्च २०२५

घरी आला. एक पिशवी.

मटणावर बटाट्याचा थर देऊन भाजलं होतं. पाच वाजताच भूक लागली त्याला. आत पाचलाच देतात. खाऊन उठला, ताट धुतलं, माझंही ओढून धुतलं. मग विचारलं, "फ्रिज उघडू का?" म्हटलं, घर तुझं आहे रे. तो म्हणाला, "हो, पण उघडू का?"

९ मार्च

दारापाशी जातो आणि उभा राहतो. मूठ समोर आहे, हात जात नाही. "उघड की!" म्हटलं की हसतो आणि उघडतो. पुढच्या दारापाशी पुन्हा तेच.

आज मिस फर्निस येऊन गेली, त्याची प्रोबेशन ऑफिसर, सुटल्यावर त्याच्यावर देखरेख ठेवणारी. तिशीची असेल. चिखलाचे बूट बाहेर काढून आली. मला आवडली. ती गेल्यावर क्रेग म्हणाला, "लिन, तिला हवापाण्याशिवाय काही बोलायचं नाही. आम्ही आत एकमेकांना हेच शिकवायचो."

"चांगली आहे रे पोरगी."

"चांगलीच आहे. विचारते ते मनापासून विचारते, आणि मग लिहून घेते."

अठरा वर्षांनी माणूस संशयी होणारच.

१९ एप्रिल

समुद्रावर नेलं. तळलेला मासा आणि चिप्स घेतल्या, भरपूर व्हिनेगर. एका सीगल पक्ष्यानं त्याच्या हातातला मासा उचलून नेला आणि क्रेग असा हसला की बाकावरचे लोक वळून बघायला लागले. त्याचे दात दिसले. बाजूचे दोन नाहीत. कधी पडले ते मला माहीत नाही. विचारलंही नाही.

नवा कायदा आलाय ना, बाहेर येऊन तीन वर्षं नीट गेली तर सुटकेच्या या अटी उठवायचा विचार होणार. विचार! तरी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्यात.

२२ मे

आमच्या कारखान्यात गोदामातली जागा होती. अर्जावर चौकोन होता — शिक्षा झाली आहे का? किती मुदतीची? क्रेगनं विचारलं, "इथे काय लिहू?" मलाही सांगता येईना. शेवटी अर्ज दिलाच नाही.

३ जून

बाहेर पडत नाही. दुपारभर न्हाणीघरात बसतो, दार लावून, जमिनीवर. म्हणतो ती खोली बरोबर मापाची आहे.

८ जून, रविवार

अंगणात कचऱ्याचा डबा लाथ मारून पाडला. कारण काही नाही. पॉलीन तिच्या खिडकीत होती, पडदा हलला. मग क्रेगनं सगळा कचरा हातानं गोळा केला आणि पायरीवर बसला. म्हणाला, "आत बरं होतं लिन. कधीकधी वाटतं, काहीतरी करावं आणि परत जावं."

मी त्याचं डोकं धरून बसले. दवाखान्यात विचारलं होतं, मनाच्या डॉक्टरचा नंबर ऑक्टोबरात लागेल म्हणाले.

९ जून

मिस फर्निसला फोन केला. रडले. सगळं सांगितलं. म्हटलं बाई, काहीही करा, त्याला लवकर डॉक्टर मिळवून द्या. म्हणाली, "बरं केलंत सांगितलंत. आता आम्ही बघतो." किती हलकं वाटलं! क्रेगला सांगितलेलं नाही.

११ जून

नेला.

नाश्त्याच्या वेळी दोन पोलीस. क्रेगच्या हातात टोस्ट. "परत आत घेतलंय तुला, चल." का? ते म्हणाले कारण कागदावर येईल. एक सही चुकवली नव्हती त्यानं! एका मिनिटाचा उशीर नाही! क्रेग फक्त म्हणाला, "चहा संपवू का?" त्यांनी संपवू दिला. मीच किंचाळत होते, तो नव्हता.

१३ जून

कोण बोललं ते मला कळलंय. कचऱ्याचा डबा पाडला तेव्हा खिडकीत कोण होतं?

कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांदेखत धरलं पॉलीनला. "तूच चुगली केलीस!"

"कसली चुगली? कुणाकडे?"

"उगाच कोण ठेवेल अठरा वर्षं, म्हणाली होतीस ना? झालं समाधान?"

तिच्या तोंडाचा रंगच गेला. "लिन, अगं मी... मी तर रविवारी त्याला चहाला बोलवायचं म्हणत होते. केक करून ठेवलाय." मी म्हटलं, घाल तो केक कचऱ्यात. मुकादमाला सांगून दुसऱ्या पट्ट्यावर गेले. बावीस वर्षं! आणि साप निघाली.

८ जुलै

हॉल्डेन यांचा फोन. परत घेतल्याचे कागद आले. "क्रेगनं सांगितलंय, तुम्हाला वाचून दाखवा."

मी म्हटलं, वाचा.

"'काहीतरी करून परत तुरुंगात जावंसं वाटतं असं कैदी म्हणतो, हे त्याच्या बहिणीने नऊ जूनला आपण होऊन कळवलं. लोकांना असलेला धोका वाढला आहे.'"

डॉक्टरचं कुठेय? मी विचारलं. मी डॉक्टर मागितला होता. त्यांनी पानं उलटली. हॉल्डेन म्हणाले, "डॉक्टरचा उल्लेख नाही, मिसेस ब्लेकी."

पुढची सुनावणी वर्षभरानं, कदाचित दीड. सुटलाच तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मी फोन ठेवला.

खोटं लिहिलं असतं तर भांडले असते. शब्द माझेच आहेत. इतकी वर्षं शिव्या मोजून दिल्या — जजला, बोर्डाला, सरकारला. त्यांच्यापैकी कुणालाही तो पायरीवर काय म्हणाला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी नेऊन दिलं. मला माझी किळस येते.

९ जुलै

पॉलीनकडे गेले. दार वाजवलं तसा आत चालू असलेला रेडिओ बंद झाला. दहा मिनिटं उभी होते. बरोबर आहे तिचं.

१५ जुलै

क्रेगला चार पत्रं लिहिली, चारही फाडली. पाचवं टाकलं. त्यात एवढंच की शनिवारी येते, समोरासमोर सांगते. अठरा वर्षांत भेटीचा एक महिना चुकवला नाही, हाही चुकवणार नाही.

१८ जुलै

तुरुंगाचं पत्र. दोन ओळी. भेटीच्या यादीतून माझं नाव काढलंय. कैद्याच्या स्वतःच्या विनंतीवरून.