झरोक्याची खोली

लातूर,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय तनूताई,

साष्टांग नाही, साधाच नमस्कार घे, गुडघे दुखतात. मुदखेडला सगळे मजेत असतील. तुझ्या सत्यमच्या लग्नाची पत्रिका मिळाली. आईच्या नावाची वेगळी पाठवलीस, तीही तिच्या घरी पोचली. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी गंमत ऐक. यांना बियाणे कंपनीकडून बक्षीस मिळालं. धर्माबादच्या पुढे एका कापूस-जिनिंगवाल्या सावकाराच्या जुन्या हवेलीचं आलिशान हॉटेल झालंय, तिथं दोघांचा मुक्काम. दुकान सोडून हे कुठले हलतात? मग मी आईलाच गाडीत घातलं. तिनं भाकरी-ठेचा बांधून घेतला. परक्याच्या घरी उपाशी निजायची पाळी नको, म्हणाली.

ताई, काय एकेक प्रकार! घोड्यांच्या पागेत कॉफी मिळते, धान्याच्या कोठारात मालिश. आईनं मॅनेजर व्यंकटरावांना नुसतं भंडावून सोडलं. बाळंतिणीची खोली कुठली, सरपण कुठून आत यायचं, एवढ्या बायका आंघोळीला कुठं जायच्या? सकाळी उठून ती अंथरूण गुंडाळायला लागली, तर ती जाडजूड गादी जागची हलेना.

एक गोष्ट मात्र आल्या आल्याच घडली. दारात एक मुलगी येणाऱ्या प्रत्येक बाईला ओवाळून कुंकू लावत होती. मी पुढे होऊन काही सांगणार, तोवर तिनं बाबा गेल्यापासून कोऱ्या असलेल्या आईच्या कपाळाला बोट टेकवलंही. खोलीत गेल्यावर रुमाल ओला करून दिला, तर आई म्हणाली, "राहू दे गं. तिनं काय बी न इचारता लावलंय."

तुझ्या हळदीचा विषय मी आजवर तुझ्यापुढं काढला नाही. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. पहिली हळद आईच्याच हातची हवी म्हणून तू अडून बसलीस आणि ती सामानाच्या खोलीत जाऊन बसली. दार वाजवून वाजवून तू दमलीस. तेव्हापासून तू तिच्याशी कामापुरतंच बोलतेस. मला वाटायचं, चुलत्यांनीच तिला आत बसवलं असणार.

आमची खोली त्या हवेलीतली सगळ्यात शांत, म्हणून सगळ्यात महाग. भिंतीत जाळीचा झरोका आहे, त्यातून खालचा चौक दिसतो. इथं कोण राहायचं, असं आईनं विचारलं तेव्हा व्यंकटराव जरा घुटमळले. मालकांची विधवा बहीण, म्हणाले. घरातली लग्नकार्यं ती या जाळीतूनच बघायची, खाली यायला तिला मनाई होती.

आई दुपारभर त्या झरोक्यापाशी बसून राहिली. खाली कुणाच्या तरी साखरपुड्याची सजावट चालली होती. मी चहा घेऊन गेले, तेव्हा मागं न वळताच बोलली.

"हिला लोकांनी कोंडलं होतं. मला कुणी कोंडलं न्हाई, सुकन्या. आतून कडी मीच लावली. माझ्या हातानं तनूचं वाईट व्हईल म्हणून लई भ्याले. ती दार वाजवत होती अन् मी तोंडात पदर कोंबून बसले होते."

मी चहा खाली ठेवला. तिच्याजवळ नुसती बसले आणि खूप रडले. हे तनूला कळवू नको, असं तिनं बजावलंय. मी कळवतेय.

आता पत्रिकेचं. तू तिला फक्त रिसेप्शनला बोलावलं आहेस. ती येईल, मागच्या खुर्चीवर बसेल, चार घास खाईल आणि माझ्याबरोबर परत निघेल. तक्रार करणार नाही. पण ताई, हळदीच्या आदल्या दिवशी तू स्वतः लातूरला आईच्या घरी ये. फोन करू नकोस. "आई, सत्यमला पहिली हळद तूच लावायचीस," असं तिला तोंडावर सांग. ती नाही म्हणेल, उठून आत जाईल, दारही लोटून घेईल.

तू आत जा. त्या दाराची कडी मी आज सुताराकडून काढून घेतली आहे.

तुम्हा दोघींचीही,
सुकन्या