हिरड्यावरची शीळ

मिठागर, कच्छ
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस, बारकूचा शि. सा. न. वि. वि.

म्हंजे पुन्हा तेच! म्हस रानात चुकली की नाव बारक्याचं. अवो, मी हितं मिठाच्या ढिगावर, आन तुमी म्हणता पोरगं काम सोडून वरच्या रानात लपलंय, शीळ घालून म्हशीला बोलवतंय. आई तर हिरड्याच्या झाडाखाली माझ्यासाठी भाकरी ठिवून आली. ती कुणी खाल्ली ते वानरालाच ठावं. फोनवर सांगाया गेलो तर तुमी ठेवून देता. कागदाला बटण न्हाई, म्हणून लिवतोय.

शीळ माझीच हाय, पर घालणारा मी न्हाई. शेपटाला दोन लांब तारा लोंबतात, त्यो काळा कोतवाल हाय, पाखरू. दुसऱ्याचा आवाज उचलायची खोड त्याला. साळा बुडवून मी त्या हिरड्याखाली म्हस राखली. मला पाढे पाठ झाले न्हाईत, त्याला मी पाठ झालो.

हितं वजनकाट्यावरचे निषादभाऊ दुर्बीण लावून पाखरं बघत्यात. त्यांच्यासंगं मला नाद लागला. आता डोळं मिटून एकतीस पाखरं वळखतो. हसा खुशाल. पर शीळ घालणाऱ्याला हाणाया तुमी गलोल काढलीया म्हणं. त्याला मारू नका, पाया पडतो.

राग उतरला तर दोन ओळी धाडा.
आपला बारकू

मुळशी
२ डिसेंबर २०२४

चि. बारकूस, सोनलताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं तरी आबा गलोल घेऊन निघालेच. मी मागोमाग. तुझा कोतवाल हिरड्यावरच होता. आधी घारीसारखा ओरडला, मग आपल्या मांजरीसारखा, मग तुझी शीळ घातली. तीन तोकड्या, एक लांब. म्हैस शेपूट उचलून पळाली. आबांनी खडा लावून रबर ताणलं.

तेवढ्यात त्यानं दुसरी शीळ घातली. तुझी ऐकली की आबा अंगणातून तीच उलटी, आधी लांब मग तोकड्या, घालायचे ना, ऐकलं, आता घरी ये म्हणून? तीच शीळ. तू भांडून गेल्यापासून आबांनी ती एकदाही घातलेली नाही. आबांचा हात खाली आला. ह्या चोरानं आपलीपण उचलली म्हणाले, आणि गलोल माझ्याकडं दिली.

आता म्हशीला घंटा बांधलीय आणि आबा रोज चारलाच हिरड्याखाली. काल त्यांनीही घालून बघितली, पण पुढचे दोन दात नाहीत, नुसता वारा. कोतवाल मान वाकडी करून ऐकत बसला. आई हसून बेजार.

तो काय खातो म्हणून विचारलंय. आबांनी विचारलं असं लिहू नको म्हणालेत.

जिवाला जप.
तुझी ताई

मिठागर, कच्छ
१५ डिसेंबर २०२४

ती. आबांस, शि. सा. न. वि. वि.

ताईनं विचारलंय, म्हणून ताईलाच सांगतो. त्यो नाकतोडं, वाळवी खातो. भाकरी न्हाई, हे आईला सांगा.

शिमग्याला येतोय. वरच्या वळणावरनं शीळ घालीन. उलटी अंगणातनं यावी, झाडावरनं न्हाई. आन तुमची नुसती फू त्यानं पाठ केली तर पुढं सगळं रान बोळकं व्हईल. म्हणून ताईसंगं पौडला दातांच्या डॉक्टरकडं जावा.

माया हाय तशीच राहू द्या.
बारकू

ता. क. दातांसाठी ताईच्या खात्यावर तीन हजार दोनशे रुपये टाकतोय.